पडक्या घरात टॉर्चने फोटो काढायची ही पद्धत आली कुठून, आणि पिकासोचा त्यात कितपत हात

प्रश्न असा आहे की रात्री पडीक घरात, किल्ल्यात नाहीतर बंद पडलेल्या कारखान्यात कॅमेरा ट्रायपॉडवर लावून टॉर्चने भिंती उजळत फोटो काढतात ते पहिल्यांदा कोणी केलं, पिकासोने सुरू केलं म्हणतात ते खरं का, आणि गोव्यात कोणाला याच्या नादाला लागायचं असेल तर कसं. पिकासोचं आधी निकालात काढतो. त्याने सुरू केलं नाही, आणि त्याने जे केलं ते मुळात हे नव्हेच.

घोळ होतो तो इथे. लाइट पेंटिंग म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एकात दिवा कॅमेऱ्याकडे तोंड करून हलवायचा, म्हणजे दिवाच फोटोत येतो, हवेत रेघ उमटते, नाव लिहा, पंख काढा, काय वाटेल ते. दुसऱ्यात उजेड वस्तूवर टाकायचा, टॉर्च फोटोत दिसताच कामा नये, दिसायला हवी ती भिंत, दार, कोपऱ्यातली मोडकी खुर्ची. गाण्यात असतात तशी ही दोन वेगळी घराणी आहेत आणि पडक्या जागांचे फोटो दुसऱ्या घराण्यातले. पिकासो पहिल्यातला, तोही पाहुणा.

पहिलं घराणं पटकन सांगून टाकतो. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे आणि त्याचा सहाय्यक जॉर्ज देमेनी माणूस चालतो कसा याचा अभ्यास करत होते, त्यांनी माणसाच्या सांध्यांवर छोटे विजेचे दिवे बांधले, त्याला अंधारात चालायला लावलं आणि शटर उघडं ठेवलं, फोटोच्या प्लेटवर नुसत्या नागमोडी रेघा आल्या. कलाबिला काही डोक्यात नव्हतं, आजारी माणसाची चाल बघायची होती. मग १९१० नंतरच्या काळात अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोने कामगारांच्या बोटांना दिवे लावून काम करताना कुठे फुकट हात हलतोय ते शोधलं. मॅन रे या अमेरिकन कलाकाराने १९३५ मध्ये स्वतःचा फोटो काढताना छोटी टॉर्च हवेत फिरवली, आणि त्या गिरगटाण्यात त्याची सहीच आहे हे २००९ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही कारण ती उलटी आहे, आरशात धरली तरच वाचता येते. पिकासो येतो १९४९ मध्ये. लाइफ मासिकाचा फोटोग्राफर ज्यॉन मिली त्याच्याकडे दक्षिण फ्रान्समध्ये वालोरिसला गेला होता, जाताना आइस स्केटिंग करणाऱ्यांच्या बुटांना दिवे लावून काढलेले आपले फोटो घेऊन गेला, ते बघून पिकासोला राहवेना, अंधाऱ्या खोलीत दिवा हातात घेऊन त्याने हवेत बैल, सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) असली चित्रं काढली. हात पिकासोचा, पण कल्पना आणि कॅमेरा मिलीचा. फोटो झकास आहेत, वाद नाही, पण मारे-देमेनीनंतर ६० वर्षांनी.

आता आपलं घराणं. ते सुरू होतं जमिनीखाली.

पॅरिसच्या पोटात जुन्या दगडखाणी आहेत, आपल्याकडच्या चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी, वरून उघड्या असतात तशा नाही, बोगद्यांसारख्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शहरातली स्मशानं रिकामी करून हाडं तिथे नेऊन रचली. १८६१ च्या सुमारास नादार नावाचा फोटोग्राफर तिथे कॅमेरा घेऊन उतरला. त्या काळी प्लेट ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच डेव्हलप करायची, त्यामुळे सगळी लॅबच सोबत न्यायची. उजेडासाठी विजेचे आर्क दिवे, त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या म्हणजे अ‍ॅसिडची भांडी. एकेक एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं ठेवायचा वेळ, १८ मिनिटांपर्यंत. १८ मिनिटं जिवंत माणूस हलल्याशिवाय उभा राहणार कसा, म्हणून त्याने मजुराचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. हाडांची गाडी ढकलणारा त्या फोटोतला मजूर माणूस नाहीच, बाहुला आहे. पुढे तो शहराच्या गटारांतही उतरला. मला विचाराल तर पडीक, अंधाऱ्या, लोक जायला घाबरतात अशा जागेत आपला उजेड घेऊन जायचं आणि शटर उघडं ठेवून वाट बघत बसायचं, हे सगळं इथे आलं. हातात टॉर्च तेवढी नव्हती.

त्यानंतर मॅग्नेशियम. त्याची पट्टी पेटवली की डोळे दिपतील असा पांढरा उजेड, आणि पट्टी खिशात मावते, म्हणजे माणूस उजेड घेऊन चालू लागला. १८६४ मध्ये इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या ब्लू जॉन खाणीत आल्फ्रेड ब्रदर्सने, १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत, १८६६ मध्ये चार्ल्स वाल्डॅकने अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत, असे सटासट फोटो झाले. अडचण धुराची, पट्टी जळली की पांढरा धूर कोंडतो आणि दुसरा फोटो घ्यायचा तर तो विरेपर्यंत बसून राहा.

मधली बरीच वर्षं सोडतो, फ्लॅश पावडर आली, १९३० च्या आसपास काचेचे फ्लॅशबल्ब आले, चर्च नाहीतर मोठ्या हॉलचे फोटो काढणारे धंदेवाईक फोटोग्राफर शटर उघडं ठेवून दिवा हातात घेऊन फिरायचे, कोणी त्याला कला म्हटलं नाही. एक नाव मात्र घ्यायलाच हवं, ओ. विन्स्टन लिंक. अमेरिकेत वाफेची इंजिनं संपत आली होती, नॉरफोक अँड वेस्टर्न ही शेवटच्या काही रेल्वेंपैकी एक. लिंक १९५५ ते १९६० रात्रीच्या रात्री त्या लाइनवर घालवायचा, मैदानभर वायरी पसरून बल्ब लावायचा. १९५६ चा त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे, ओपन थिएटरात गाड्यांत बसून लोक पिक्चर बघतायत आणि मागून इंजिन धडधडत जातंय, त्या एका फोटोला ४० हून जास्त बल्ब एकाच क्षणी उडवलेले. सगळे एका वायरीवर, एक जोड सैल असला तरी फोटो गेला आणि गाडी काय परत येत नाही. तो म्हणायचा, सूर्य मला हलवता येत नाही, रात्री उजेड माझ्या हातात असतो, साधारण असा त्याचा मुद्दा. त्याचं लाँग एक्स्पोजर नव्हे, पण जे नाहीसं होतंय ते रात्री आपल्या उजेडात धरून ठेवायचं, ही वृत्ती तिथून आली असं माझं मत.

खरी गाठ बसते ती १९७० नंतर कॅलिफोर्नियात. रिचर्ड मिसराक वाळवंटात रात्री फ्लॅश मारून निवडुंगांचे फोटो काढत होता, आर्थर ओलमन रंगीत फिल्मवर रात्रीचं शहर टिपत होता, डीन चेंबरलेन १९७७ पासून शटर उघडं ठेवून स्वतः फ्रेममध्ये शिरून हातातल्या दिव्याने एकेक वस्तू उजळायला लागला. हातातल्या दिव्याने रंगवायचं या आजच्या अर्थाने पहिलं नाव सांगायचंच तर मी त्याचं सांगेन. आणि १९७९ मध्ये स्टीव्ह हार्परने सॅन फ्रान्सिस्कोच्या अकॅडमी ऑफ आर्टमध्ये फक्त नाइट फोटोग्राफीचा वर्ग सुरू केला. हे फार महत्त्वाचं, कारण तोपर्यंत रात्रीचे फोटो म्हणजे ज्याचा त्याने अंदाज मारायचा.

अंदाज का, तर फिल्म. लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, म्हणजे उजेड निम्मा झाला म्हणून वेळ दुप्पट केली की भागलं, असं होत नाही. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मचंच बघा, उजेड मोजणारा मीटर १ सेकंद म्हणाला तर २ द्यायचे, १० म्हणाला तर ५०, आणि १०० म्हणाला तर १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटं. रंगीत फिल्ममध्ये वर आणखी रंगही वाकडे जातात, हिरवट, जांभळट. म्हणून ही मंडळी घरातल्या बल्बसाठी बनवलेली टंगस्टन फिल्म वापरायची, ती लांब एक्स्पोजरला जास्त प्रामाणिक आणि चांदण्याला निळा रंग देते. आज सिनेमात रात्र निळी बघून आपल्याला वाटतं रात्र निळीच असते, ते वेगळं.

आणि त्यातूनच येतो ट्रॉय पायवा. १९८९ पासून हा माणूस पौर्णिमेच्या आसपास नेवाडा, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन बंद पडलेली मोटेलं, पेट्रोल पंप, भंगारातली विमानं शूट करायला लागला, एक्स्पोजर काही मिनिटांचं, चांदण्याने सगळं हळूहळू भरत असतं आणि हा मधल्या वेळात आत जाऊन फ्लॅशवर लाल, हिरवा, पिवळा जिलेटिन कागद लावून खोल्या उजळतो. तुम्ही इंस्टावर जे बघता ना, खिडकीतून लाल उजेड, बाहेर निळं आकाश, ताऱ्यांच्या रेघा, ते बहुतेक सगळं याच्या वाटेवरचं. का तिथेच? कारण नवे हायवे झाले, जुना रूट ६६ तर १९८५ मध्ये नकाशावरून अधिकृतपणे काढलाच, रस्त्याच्या जिवावर जगणारी गावं ओसाड पडली. १९९६ मध्ये मेअर आयलंडची नौदलाची गोदी बंद झाली तर तिथे नंतर रात्रीच्या वर्कशॉप भरायला लागल्या.

पडीक जागाच का निवडली याला लोक भुताखेताचं कारण देतात. माझ्या मते साधं कारण आहे, तिथे लाइट नाही. ८ मिनिटांचं एक्स्पोजर चालू असताना कोणी येऊन ट्यूबलाइट लावली, बाइकचा हेडलाइट फिरला, की संपलं. ओसाड जागेत स्विच फक्त तुमच्या हातात असतो. गूढ वगैरे वातावरण ते नंतर आपोआप आलं आणि मग तेच विकलं जायला लागलं.

डिजिटल आल्यावर लगेच स्क्रीनवर दिसायला लागलं, एलईडी टॉर्च स्वस्त झाल्या, २००७ च्या सुमारास जर्मनीत वोलर्ट आणि मीडझा या दोघांनी पडक्या कारखान्यात हवेतल्या प्रकाशाच्या आकृत्या काढायला सुरुवात केली आणि दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली. मला ते मिश्रण फारसं आवडत नाही, जागेपेक्षा दिवेच जास्त दिसतात, पण ते माझं.

आता गोवा. आपल्याकडे ओसाड जागा दोन कारणांनी आल्या. एक म्हणजे वारसाहक्क. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातला नियम अजून चालतो, सगळ्या मुलांना वाटा, त्यातले अर्धे मुंबईत, लिस्बनला, लंडनला, सह्या कोणाकोणाच्या घ्यायच्या, मग घराला कुलूप आणि कौलं फुटून आत पिंपळ. दुसरं खाणी. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या, मांडवी-जुवारीच्या काठाला खनिज वाहणाऱ्या बार्जेस गंजत पडल्या. कांदोळीला २००० साली रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस हे जहाज दहा वर्षांहून जास्त तिथेच होतं, त्यावर कोणी नीट रात्रीचं काम केलं नाही याची हळहळ वाटते, आता गेलं ते.

जुन्या घराचं सांगतो, कारण आपल्याकडे जे आहे ते नेवाड्यात नाही. शिंपल्यांच्या खिडक्या. काचेऐवजी लाकडी चौकटीत पातळ शिंपल्याचे तुकडे बसवलेले. बाहेरून टॉर्च मारली तर त्या खिडक्या मळकट पांढऱ्या, मेलेल्या दिसतात. आत जाऊन, खिडकीपासून दोन-तीन हात मागे उभं राहून टॉर्चला पिवळा-नारिंगी जिलेटिन लावून उजेड खिडकीवर नाही, समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मारायचा. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड शिंपल्यातून बाहेर येतो आणि प्रत्येक शिंपल्याची शीर वेगळी दिसते, मोडलेल्या जागी मात्र भसकन पांढरा डाग, तो मुद्दाम ठेवावा. थेट मारलात तर मधोमध टॉर्चचा गोल दिसतो आणि सगळी मजा जाते.

बाहेरची भिंत चिऱ्याची. चिरा उजेड खातो, चुना परत फेकतो, त्यामुळे चिऱ्याला चुन्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ द्यावा लागतो. आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून टॉर्च मारायची नाही, सगळे नवीन लोक हेच करतात आणि फोटो पासपोर्टसारखा सपाट येतो. फ्रेमच्या बाहेर, भिंतीला जवळजवळ चिकटून उभं राहा, उजेड भिंतीला घासत जाऊ दे, मग चिऱ्याच्या एकेका छिद्राला सावली पडते. हात हलता ठेवायचा, थांबला की डाग.

आकडे म्हणाल तर पौर्णिमेला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ५.६ आणि साधारण ४ मिनिटं, इथून सुरुवात करा. अर्धा चंद्र म्हणजे निम्मा उजेड असं समजू नका, पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, वेळ त्या हिशोबाने वाढतो. दुसरं, डिसेंबरची पौर्णिमा आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते, तेव्हा बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या पडवीच्या, खाली मिट्ट काळोख, भिंतीवर चांदणं जेमतेम. म्हणून चंद्र उगवल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत काम उरका. लेन्सवर दमटपणा बसतो तो बघत राहा, एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडू नका. पावसाच्या तोंडावर काजवे असतील तर त्यांच्या हिरवट ठिणग्या फोटोत येतात, त्या पुसू नका प्लीज.

बार्जचं वेगळं. पाण्यावर असलेली बार्ज ४ मिनिटांत हलतेच, टॉर्चने रंगवलेलं सगळं पुसट होतं. ओहोटीला चिखलात बसलेली असेल तर टॉर्च, तरंगत असेल तर फ्लॅशचे फटके.

परवानगीशिवाय जाऊ नका हे मी सांगतोय ते भीतीने नाही. मालक परदेशात असला तरी शेजारी कोणीतरी लक्ष ठेवून असतं, बहुतेक वेळा जुना मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा, त्याच्याकडे दिवसा जाऊन बसायचं, सांगायचं की रात्री इतक्या वाजता दिवे हलताना दिसतील ते आमचे. नाहीतर रात्री ओसाड घरात उजेड फिरतोय म्हटल्यावर म्हातारी माणसं देवचार, म्हणजे गावचा राखणदार आत्मा, म्हणून हात जोडतील आणि तरुण दांडके घेऊन येतील. जुन्या गोव्याच्या ऑगस्टिन मनोऱ्याचं सगळे विचारतात, १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये छत पडलं, १९३१ मध्ये पुढची भिंत, उरलाय तो अर्धा मनोरा, फोटोला अफलातून, पण पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, लेखी परवानगीशिवाय ट्रायपॉडसुद्धा नाही, रात्रीचं तर विसराच. आणि दिवसा एकदा जागा बघितल्याशिवाय रात्री पाय ठेवायचा नाही, कुठे विहीर आहे, माडीची कुठली फळी कुजली आहे, आणि पडलेल्या कौलांच्या ढिगात फुरसं, घोणस असणारच असं धरून चाला. फुल बूट, चप्पल नाही.

स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा गुंता, पेटवून गरगर फिरवायचं ते फॅड घरात अजिबात नको. वासे शंभर-दीडशे वर्षांचे वाळलेले, एक ठिणगी पुरते. कॅलिफोर्नियात पॉइंट रेयस नावाची किनाऱ्यावरची जुनी बोट फोटोग्राफरांची लाडकी होती, २०१६ मध्ये तिचा मागचा भाग जळाला, आणि संशय याच ठिणग्यांवर.

पहिल्यांदाच करणार असाल तर मी घर नाही, कुर्डी सांगेन. साळावली धरणात गेलेलं गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. घरांवर छप्पर नाही म्हणजे डोक्यावर काही पडायची भीती नाही, आजूबाजूला लाइट नाही, उरलीत ती जोती, पायऱ्या, झाडांचे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ. देऊळ सोडलं तर बहुतेक सगळं गुडघ्याएवढ्या उंचीचं, त्यामुळे टॉर्च जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून आडवी फिरवायची, एकेक जोतं वेगळं उठून येतं, आणि उभ्याने मारलीत तर सगळा नुसता चिखल दिसेल. मे महिन्यात मूळ गावकरी देवळात उत्सवाला येतात, ते दिवस सोडून जा, त्यांच्या मध्ये ट्रायपॉड लावू नका. मेमधला पौर्णिमेच्या आसपासचा आठवडा धरा, चिखल वरून वाळलेला दिसतो पण आत ओला असतो तेव्हा ट्रायपॉडच्या पायाखाली चपटे दगड ठेवा, नाहीतर ४ मिनिटांत तो हळूच खाली बसतो आणि सगळे फोटो हललेले येतात. वाटेत धरणाचा आणि वनखात्याचा भाग लागतो, तिथे आधी विचारून घ्या.